जुन्या विमानाचा नवा रंग

वाचकहो, मुंबईला आपले जाणे काही ना काही कारणाने होतेच. कुणी दवाखान्यासाठी जातो, कुणी मुलाच्या नोकरीसाठी, कुणी वाशीच्या बाजारात मालाच्या पट्टीसाठी. काम आटोपले की पोराबाळांना समुद्र दाखवायला जुहूच्या चौपाटीवर न्यायचे, भेळ खायची आणि परतीची गाडी धरायची, हा आपला ठरलेला रिवाज. पण त्या चौपाटीच्या पाठीमागेच, हाकेच्या अंतरावर, एक जुना विमानतळ आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज तुम्हाला तेथे घेऊन जायचे आहे. मोठी विमाने बघायला नव्हे, तर एका लहानशा, वय झालेल्या विमानाला नवा रंग कसा देतात ते बघायला. शेतकऱ्याला विमानाच्या रंगाशी काय करायचे, असे म्हणाल. शेवटपर्यंत या, मग सांगा.

वाट सोपी आहे. नाशिक, नगर, पुण्याकडून येणाऱ्यांनी कल्याण किंवा ठाण्याला लोकल धरून घाटकोपरला उतरावे. २०१४ पासून तेथून अंधेरीला मेट्रो जाते. पूर्वी ह्याच वाटेला बसमध्ये तासभर घाम गाळावा लागे, आता वीस-बावीस मिनिटांत माणूस पूर्वेचा पश्चिमेला पोचतो. अंधेरीहून एकच स्टेशन दक्षिणेला विलेपार्ले. तेथे पश्चिमेला उतरून रिक्षा केली की जुहू आले. विमानतळात कुणालाही सोडत नाहीत, परवाना लागतो. पण कुंपणाच्या भिंतीबाहेर दहा मिनिटे उभे राहिलात तरी हेलिकॉप्टर चढता-उतरताना दिसेल. समुद्रात तेलाच्या विहिरींवर काम करणारी माणसे येथूनच जातात-येतात.

हा विमानतळ १९२८ सालचा. देशातला नागरी विमानांचा पहिला तळ म्हणून त्याचे नाव घेतात. त्याच साली येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ च्या फेब्रुवारीत विमान चालवण्याचा परवाना मिळवला, त्यावर क्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे पस मॉथ विमान उडवले आणि दुपारी ते जुहूला उतरवले. वाटेत अहमदाबादला तेल भरले. ते तेल विमानापर्यंत आले कशातून, ठाऊक आहे? बैलगाडीतून! आपल्या देशातल्या विमानसेवेला पहिल्या दिवशी बैलांनीच हात दिला, हे आपण शेतकऱ्यांनी विसरू नये.

त्या काळी जुहूला धावपट्टी म्हणजे खाजणाची जमीन होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून टाटांचे लोक चार महिने मुक्काम हलवून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर जात. पुढे मोठ्या विमानांसाठी शेजारीच सांताक्रूझचा तळ झाला आणि १९४८ पासून प्रवासी वाहतूक तिकडे गेली. दोन्ही तळ इतके जवळ की परदेशी वैमानिकही फसले. १९५३ साली एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. १९७२ साली एका जपानी विमानाची तीच गत झाली आणि ते आखूड धावपट्टी ओलांडून पुढे गेले.

आता जुहूला मुख्यत्वे हेलिकॉप्टरांचे राज्य आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाणाचे शिक्षण धुळ्याला गेले आहे. तिकडच्या शेतकऱ्यांना कापसाच्या रानावरून घिरट्या घालणारी ती लहान विमाने पाठ झाली असतील. पण जुहूला जुने हँगर अजून उभे आहेत. हँगर म्हणजे विमानाचा गोठाच म्हणा ना.

माझा एक भाचा विमान-दुरुस्ती शिकला. त्याच्यामार्फत रीतसर परवाना काढून मी अशा एका हँगरात दोन दिवस बसलो. तेथे एक दोन माणसे बसण्याजोगे जुने विमान रंगासाठी आणले होते. सारे अंग अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे. रंग उन्हाने विटलेला, कडेला पापुद्रे सुटलेले. बाहेरून पाहणारा म्हणेल, चार डबे रंग आणा, दोन हात मारा, झाले नवे.

मीही मिस्त्रींना तेच विचारले. ते कोकणातले, चाळीस वर्षे हेच काम केलेले. ते हसून म्हणाले, “साहेब, रंग मारायला दोन दिवस. रंग काढायला दोन आठवडे. खरं काम काढण्याचंच.”

हे वाक्य मनात ठेवा. पोळ्याला आपण बैलांच्या शिंगांना रंग देतो, बेगड लावतो. पण त्याआधी काय करतो? शिंगे साळतो. न साळता दिलेला रंग चार दिवसांत निघतो, आणि मुख्य म्हणजे शिंगाला तडा असेल तर तो साळतानाच दिसतो, रंगवताना नाही. विमानाचे अगदी असेच आहे.

विमानाचे तीन वैरी: ऊन, पाणी आणि खारा वारा. जुहूला तिन्ही एका जागी. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. ते पत्र्यांच्या सांध्यांत, रिव्हेटांच्या डोक्यांभोवती जाऊन बसते. लोखंड गंजले की तांबडे होते आणि लगेच दिसते. अॅल्युमिनियमचा गंज पांढरा, पिठासारखा. तो रंगाच्या खाली निमूट बसून पत्रा खातो. वर कधी एखादा फोड दिसतो, कधी दोऱ्यासारखी वेडीवाकडी रेघ, कधी काहीच नाही. ज्वारीच्या कणसावर काही दिसत नाही आणि बुंध्यात खोडकिडा बसलेला असतो, तसे. लहान विमानाचा पत्रा असतो तरी केवढा? कित्येक ठिकाणी अर्धा-पाऊण मिलिमीटर. त्यातले थोडे खाल्ले गेले की उरले काय?

म्हणून जुना रंग साराच्या सारा काढतात. रंग उकलणारे रसायन लावायचे, रंग सुरकुतला की खरवडायचा. पण लोखंडी पातीने नाही, तारेच्या ब्रशाने तर मुळीच नाही. अॅल्युमिनियमला लोखंडाचा कण चिकटून राहिला आणि त्याला ओल मिळाली की तेथूनच नवा गंज सुरू होतो. शिवाय या पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर मुद्दाम दिलेला असतो. तोच त्याचे संरक्षण करतो. जोराने घासले की तो निघून जातो. म्हणून लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाती वापरायची, हात हलका ठेवायचा आणि नंतर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. काचा, चाके, आणि हवेचा दाब मोजणारी बारीक भोके आधीच कागद-पट्टी लावून झाकायची. ती भोके रंगाने बुजली तर वैमानिकाला वेग आणि उंची चुकीची दिसते, आणि ढगात तेवढी चूक पुरते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला, धडाला जुळतो त्या ठिकाणी, मिस्त्रींचा हात थांबला. रंगाखाली रुपयाएवढा पांढरा डाग. त्यांनी लाकडी काडीच्या टोकाने दाबून पाहिले. पीठ गळले आणि पत्र्याला खळगे दिसले. शेजारच्या दोन रिव्हेटांभोवतीही तेच. त्यांनी काम थांबवून परवानाधारक इंजिनियरांना बोलावले. त्यांनी भिंगातून पाहिले, खोली मोजली आणि सांगितले, “पत्रा बदलावा लागेल. आतली पट्टीही उघडून बघू.”

मालक तेथेच होते. विमान ठरल्या तारखेला हवे होते आणि पैशाचा अंदाजही रंगापुरताच धरला होता. ते थोडे अजिजीने म्हणाले, “आता एवढी दोन महिने उडू द्या, मग पावसाळ्यात करू.” इंजिनियर काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. मिस्त्री मात्र म्हणाले, “शेठ, रंग मारला तर उद्या हे नवं कोरं दिसेल. पण वर गेल्यावर रंग पंख धरून ठेवत नाही.” मालक बराच वेळ त्या खळग्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बदला.” पुढे आतली पट्टी उघडली तेव्हा तिलाही गंजाची सुरुवात झालेली निघाली. वरून रंग दिला असता तर पुढची कित्येक वर्षे ती कुणाच्या नजरेस पडली नसती.

वाचकहो, जुन्या विमानाला रंग देण्याचा खरा फायदा हाच. ते छान दिसते हा नंतरचा. सारा देह उघडा करून बघण्याची संधी वर्षानुवर्षांतून एकदाच येते, आणि ती वाया घालवायची नसते.

पत्रा दुरुस्त झाला, धुऊन कोरडा झाला, की आधी अस्तराचा थर देतात. तो पिवळट हिरवा असतो. बाहेरून तो पुढे कुणाला दिसत नाही, पण गंज रोखण्याचे काम तोच करतो. आपण पेरणीआधी बियाण्याला बीजप्रक्रिया करतो ना, तिची जागा तीच. उगवलेल्या पिकाकडे बघून बीजप्रक्रिया दिसत नाही, मर लागली की मात्र तिची आठवण होते. अस्तर वाळले की वर रंगाचे पातळ हात.

पातळ का? तर वजन. लहान विमानाच्या रंगाचे वजन पाच-दहा किलो सहज भरते. तुम्ही म्हणाल, त्याने काय होते? पण दोन माणसांच्या विमानात तेवढे तेल किंवा सामान कमी घ्यावे लागते. आणि वजन किती यापेक्षाही ते कोठे, हा प्रश्न मोठा. बैलगाडी मागून जड भरली की उलाळ होते, पुढून जड झाली की जू बैलांच्या माना दाबते. विमानही उलाळ होते, फरक एवढाच की आकाशात उतरून पोती पुढे सरकवता येत नाहीत. म्हणून रंग झाल्यावर विमान पुन्हा काट्यांवर चढवून तोलतात आणि तोल कागदावर मांडतात.

पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्यांचा तर वेगळा तोल बघतात. फळी बिजागरीवर टांगलेली. तिच्या मागच्या कडेला रंगाचा एखादा जाड थर बसला तर ती मागे जड होते आणि वेगात थरथरू लागते. वादळात छपराचा सुटलेला पत्रा कसा फडफडत फडफडत उपटून जातो, ते आपण पाहिले आहे. विमानाची फळी अशी फडफडली तर काही क्षणांत पंख मोडू शकतो. पंखाखाली पाणी निथळायला ठेवलेली बारीक भोकेही रंगाने बुजली नाहीत ना, हे एकेक काडी घालून बघतात. शेवटी नोंदणीची अक्षरे. आपल्या देशाच्या प्रत्येक नागरी विमानावर आधी व्ही आणि टी ही दोन इंग्रजी अक्षरे असतात. ती पंखाखाली ५० सेंटिमीटर आणि धडावर ३० सेंटिमीटर उंचीची हवीत, असा जगभरचा संकेत आहे. मग केलेल्या साऱ्या कामाची नोंद विमानाच्या वहीत होते आणि इंजिनियर खाली सही करतात. ती सही म्हणजे ‘मी पाहिले आहे’ असा शब्द.

मिस्त्रींच्या तरुणपणी कापडाची विमाने पुष्कळ होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९५८ साली प्रथम उडवलेले पुष्पक हे विमान त्यातलेच. दीडशेच्या वर पुष्पक बनले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत त्यांच्यावर पोरे शिकली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, आणि कापडावर ‘डोप’ नावाचा चिकट रोगणासारखा पदार्थ. डोप वाळला की कापड आक्रसते आणि ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाते. त्यावर अॅल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी थर, कारण कापड कुजवते ते मुख्यतः ऊन आणि हा थर ऊन अडवतो. रंग सर्वांत शेवटी. मिस्त्री सांगत होते की पावसाळ्यात हे काम मुंबईत जिवावर येई. हवेतली ओल वाळत्या डोपवर धरे आणि सारा पंख पांढुरका पडे. तो मग पुन्हा करावा लागे. वापसा नसताना पेरणी केल्यासारखेच ते.

आपल्या पिकांसाठीही एक खास विमान याच देशात बनले होते. त्याचे नाव ‘बसंत’. ३० मार्च १९७२ रोजी ते पहिल्यांदा उडाले. चारशे अश्वशक्तीचे इंजिन, एकच माणूस बसणार आणि पुढे औषधाची टाकी. १९८० पर्यंत चाळीसेक बसंत बनले. फवारणीच्या विमानाला समुद्राची गरज नसते, औषधच त्याला मिठासारखे खाते. म्हणून असे विमान रोज काम संपल्यावर आतून-बाहेरून धुतात. आपल्यापैकी किती जण पाठीवरचा पंप फवारणी झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवतात, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आणखी एक गोष्ट मी तेथून डोक्यात घेऊन आलो. रंग फवारायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने अंगभर झगा चढवला, हातमोजे घातले आणि नळीतून बाहेरची स्वच्छ हवा येणारा मुखवटा लावला. आजच्या टिकाऊ रंगात फुप्फुसाला कायमची इजा करणारे द्रव्य असते. रंग फवारणारा पोरगा एवढी काळजी घेतो, आणि आपण कापसावर विषारी औषध फवारताना तोंडाला नुसते उपरणे बांधतो, कित्येकदा तेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-मजूर दगावले. त्यानंतरही गावोगाव उघड्या अंगाने फवारणारे दिसतात. मुखवटा आणि हातमोजे ही शहरी मिजास नव्हे. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी ते घालायचे.

जुन्याबरोबर नव्याचेही सांगतो. टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी ते स्वतः जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराचीहून जुहूला आले. विमान १९३० नंतरच्या दशकातले, लाकडाचे आणि कापडाचे. आत बसणारा म्हातारा आणि विमानही म्हातारे, पण दोघांचीही निगा चोख. पुढे १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्या बोरिवलीच्या आरोही पंडित या मुलीने त्याच स्मरणार्थ भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत एकटीने विमान आणले. याआधी २०१९ साली तिने लहानशा विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला होता. तिचे विमान पत्र्याचेही नाही आणि कापडाचेही नाही, धागे आणि राळ यांच्या मिश्रणाचे. अशी विमाने बहुधा पांढरीच असतात. गडद रंग ऊन पितो, आणि फार तापले तर त्या राळेची ताकद कमी होते. म्हणजे रंग निवडण्यातही हौसेआधी हिशेब येतो.

आता आपल्या अंगणात येऊ. पावसाळ्याआधी किंवा दसऱ्याला आपण औते, पेरणीयंत्र, ट्रॉली, पंप यांना रंग देतो. तो देताना एवढे करा. आधी माती, ग्रीस आणि खताचा अंश धुऊन काढा. युरिया आणि मिश्रखते लोखंडाला मिठासारखीच खातात, म्हणून पेरणीयंत्राची पेटी काम संपले त्याच दिवशी धुवा. मग गंज आणि सुटलेला रंग पॉलिश पेपरने पार खाली लोखंड दिसेपर्यंत घासा. लोखंडाला तारेचा ब्रश चालतो, अॅल्युमिनियमला नाही, हे लक्षात असू द्या. रंग निघाला की लगेच डबा उघडू नका. सांधे, वेल्डिंग, ट्रॉलीचा हूक, आस, नटबोल्ट यांकडे नीट उजेडात बघा. तडा दिसला तर आधी तो दुरुस्त करा. मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. ओल्या हवेत घाई करू नका.

आणि जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला जाल तेव्हा नव्या रंगाने हुरळून जाऊ नका. बाजारात उभा असलेला ताजा रंगवलेला ट्रॅक्टर बघितला की दोनदा विचार करा. नटबोल्टांच्या डोक्यांवरही सरसकट रंग असेल तर तो कशावरून मारला ते विचारा. पत्र्यावर ठिकठिकाणी लोहचुंबक लावून बघा. जेथे तो चिकटत नाही तेथे लोखंड नसून लांबी भरलेली असण्याचा संभव आहे. आसाजवळ, जोडाच्या जागी खाली वाकून वेल्डिंगचे ठिगळ शोधा. चासीचा नंबर कागदाशी ताडून पाहा. सोबत ओळखीचा मिस्त्री न्या, त्याची दिवसाची मजुरी मोजा. जो विकणारा रंगाखाली बघू देत नाही, त्याच्याकडे रंगाखाली काहीतरी आहे असे समजा. दिसते तसे नसते म्हणून तर जग फसते.

पुढच्या खेपेला जुहूच्या चौपाटीवर पोरांना भेळ खाऊ घातलीत की दोन पावले मागे वळून त्या भिंतीशी उभे राहा. एखादे लहान यंत्र डोक्यावरून गेले तर पोरांना सांगा, ते चकचकीत दिसते आहे म्हणून उडत नाही. कुणीतरी आधी त्याचा रंग काढून, उघड्या पत्र्यावर हात फिरवून, खालचे बघितले आहे, म्हणून उडते आहे.